रविवारच्या सुट्टीचा मानकरी : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, ही जुनी रीत आहे. अशा चरित्रांत राजे असतात, संत असतात, गवई आणि पंडित असतात. या वर्षी आम्ही ज्यांचे नाव निवडले आहे, ते यांपैकी कोणीच नव्हते. ते एका गिरणीत मालाचा हिशेब ठेवणारे कारकून होते, पुढे एका साप्ताहिकाचे संपादक झाले आणि वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी प्लेगाने गेले. तरीही आपल्यापैकी बहुतेकांच्या आठवड्यावर त्यांचा हात फिरलेला आहे. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

हे नाव निवडण्याचे कारण सांगतो. आज आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी नोकरीत आहे. कोणी पीथमपूरच्या कारखान्यात, कोणी सॉफ्टवेअरच्या कंपनीत, कोणी शाळेत, तर कोणी दुकानात. मंडळात चार तरुण एकत्र आले की तेच प्रश्न निघतात. पगार कोणत्या तारखेपर्यंत झालाच पाहिजे? सुट्टीच्या दिवशी बोलावले तर जावेच लागते का? उशीर झाला म्हणून अख्ख्या दिवसाचा पगार कापता येतो का? कामावर इजा झाली तर खर्च कोणाचा? मालकाचा नियम कुठवर चालतो आणि आपला हक्क कुठे सुरू होतो? यातले बहुतेक प्रश्न १८८४ साली मुंबईत एका अर्जाच्या रूपाने सरकारपुढे मांडले गेले होते. तो अर्ज मांडणाऱ्या माणसाची ही हकीकत आहे.

लोखंड्यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घराणे फुलमाळ्यांचे, मूळ गाव पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातले कन्हेरसर. त्यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. त्या काळी माळ्याच्या मुलाने एवढे शिकणे ही साधी गोष्ट नव्हती, पण पुढे कॉलेजात जाण्याइतकी घरची ऐपतही नव्हती. रेल्वे आणि टपाल खात्यांत काही काळ नोकरी करून ते मुंबईतील एका कापडगिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. गिरणी त्यांनी पाहिली ती या जागेवरून. स्टोअरकीपर म्हणजे ना साच्यावरचा कामगार, ना साहेब. दोन्हीकडचे दिसते, ऐकू येते, आणि हिशेबाची वही हातात असते.

त्या गिरणीत त्यांना काय दिसत होते, ते समजून घेतले पाहिजे. कावसजी दावरांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला आणि तीस वर्षांत परळ, भायखळा, ताडदेव भागांत धुराड्यांची रांग उभी राहिली. रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून माणसे पोटासाठी येऊ लागली. विजेचे दिवे अजून आले नव्हते, त्यामुळे कामाची वेळ घड्याळ ठरवीत नसे, सूर्य ठरवी. उजाडले की भोंगा वाजे आणि अंधारले की यंत्र थांबे. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून काम थोडे कमी आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचे. दुपारच्या जेवणासाठी यंत्र थांबवण्याचा नियम नव्हता. शेजारच्याला साचा सांभाळायला सांगून भाकरीचे चार घास खायचे आणि परत उभे राहायचे.

सुट्टी सणावारांची तेवढी. रविवारी यंत्र बंद असले तरी ते झाडून पुसून साफ करायला कामगारांना बोलावीत आणि अर्धा दिवस त्यातच जाई. पगार महिन्याचा, पण महिना संपला की हातात पडेल असे नाही. पुढच्या महिन्याचे काही आठवडे उलटून जात आणि तोवर कामगार वाण्याच्या आणि सावकाराच्या दारात उभा असे. मध्येच नोकरी सोडली तर अडकलेला पगार बुडे. उशीर झाला, धागा तुटला, कापडावर डाग पडला, की दंड. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापण्याची चाल गिरण्यांत होती. कामगारांच्या बोलीत तिला डबल खाडा म्हणत.

या सगळ्यावर मुकादम, म्हणजे जॉबर. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच. गावाहून आलेल्या नव्या माणसाला उसने पैसे देणारा आणि राहायला खोली दाखवणाराही पुष्कळदा तोच. त्याचा हात ओला केल्याशिवाय जागा मिळत नसे. या देण्याला दस्तुरी असे नाव होते. बायकांच्या खात्यात हीच सत्ता नायकिणीकडे असे. त्या काळचे गिरणीचे नियम कुठे छापून लावलेले नव्हते. मुकादमाची मर्जी हाच नियम होता.

लोखंडे तरुणपणीच महात्मा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाकडे ओढले गेले. हा समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झाला होता. त्याच्या विचारांचे पत्र म्हणून कृष्णराव भालेकरांनी १८७७ च्या आरंभी पुण्यात दीनबंधू साप्ताहिक सुरू केले. गाठीचा पैसा संपेपर्यंत भालेकरांनी ते ओढले आणि मग ते बंद पडायची वेळ आली. १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत आणले आणि आपल्या हाती घेतले. तेव्हापासून मरेपर्यंत ते दीनबंधूचे संपादक राहिले. शेतकऱ्याचे आणि कामगाराचे गाऱ्हाणे नित्यनेमाने छापणारे आपल्याकडचे हे पहिल्या काही पत्रांपैकी एक.

गुरु-शिष्यांत सगळे गोडच होते असे मात्र नाही. जोतीरावांच्या शेतकऱ्याचा असूड या पुस्तकातील काही भाग दीनबंधूत आला आणि पुढचा छापायला लोखंड्यांनी हात आखडता घेतला. भाषा जहाल होती आणि सरकारी रोष ओढवला असता तर पत्रच बुडाले असते. जोतीराव यावर नाराज झाले आणि ती नाराजी त्यांनी लपवलीही नाही. या प्रसंगात लोखंड्यांचा स्वभाव दिसतो. ते वणवा पेटवणारे नव्हते. चूल विझू न देणारे होते. कोणी याला भित्रेपणा म्हणेल, कोणी व्यवहार. पण पुढे जे काम त्यांच्या हातून झाले त्याला हाच स्वभाव उपयोगी पडला, असे आम्हाला वाटते.

या सुमारास हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा आला, १८८१ साली. त्यामागची गोष्ट गुंतागुंतीची आहे. मुंबईतले पारशी समाजसुधारक सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ सालीच मुलांच्या कामाचे तास बांधून देणारा मसुदा तयार केला होता. त्यांना कळकळ होती ती माणुसकीची. पण विलायतेत मँचेस्टर आणि लँकेशायरचे गिरणीमालकही हिंदी गिरण्यांना कायदा लावा म्हणून ओरडत होते. त्यांना कामगारांची दया आलेली नव्हती. मुंबईचे स्वस्त सूत त्यांच्या धंद्याच्या आड येत होते.

त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक देशी वृत्तपत्रांना हा कायदा म्हणजे नुकत्याच उभ्या राहिलेल्या देशी धंद्याचा गळा घोटण्याची युक्ती वाटली. देशभक्त माणसाने मालकाची बाजू घ्यावी, अशी ती वेळ होती. दीनबंधूने त्या काळात उलट भूमिका घेतली. लँकेशायरचा हेतू काहीही असो, सात वर्षांचे पोर यंत्रापुढे उभे आहे हे खोटे नाही, हा त्या भूमिकेचा गाभा. देशाचा धंदा वाढला पाहिजे हे खरे, पण तो कोणाच्या हाडांवर वाढतो हे विचारायला बंदी का असावी? हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

१८८१ चा कायदा फार तोकडा होता. शंभर किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, त्यांना महिन्यात चार सुट्ट्या द्यायच्या आणि धोक्याच्या यंत्राभोवती कुंपण घालायचे, एवढेच त्यात होते. मोठ्या माणसांसाठी आणि बायकांसाठी एक अक्षरही नव्हते. त्याच्या दुरुस्तीचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ साली एक कमिशन नेमले. कमिशनपुढे मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, अधिकारी बोलणार, हे ठरलेले होते. ज्याच्या कामाविषयी हे सारे चालले होते त्याला विचारण्याची कोणाला गरज वाटली नव्हती.

लोखंड्यांनी ती गरज दाखवून दिली. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली. दिवसभर उभे राहून दमलेली माणसे आपल्या तासांविषयी आणि पगाराविषयी बोलायला जमली, हेच मुंबईला नवे होते. याच वेळी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संस्था उभी राहिली आणि लोखंडे तिचे अध्यक्ष झाले. हिंदुस्थानातील कामगारांच्या संघटनेचा आरंभ येथून धरतात. आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेतील शिकागो येथे झालेला आणि जगभर मे दिनामुळे ठाऊक असलेला लढा १८८६ चा आहे. सुपारीबागेतली सभा त्याच्या दोन वर्षे आधीची.

सभेत ठरलेल्या मागण्यांचा अर्ज तयार झाला आणि त्यावर पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्या आणि अंगठे घेऊन तो कमिशनकडे दिला गेला. मागण्या पाच होत्या. पहिली, आठवड्यातून एक पूर्ण दिवस, म्हणजे रविवारी, सुट्टी मिळावी. दुसरी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. चौथी, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. पाचवी, कामावर जबर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटाची सोय व्हावी.

या मागण्या पुन्हा एकदा वाचाव्यात. पगारवाढीचा त्यांत उल्लेख नाही. तास बारांच्या खाली आणण्याचा आग्रह नाही. त्या काळाच्या मानानेसुद्धा त्या फार सौम्य होत्या. पण त्यांत एक धागा आहे. कामगाराचा दिवस, महिना आणि शरीर यांना काही हद्द असावी आणि ती मुकादमाच्या मर्जीने नव्हे तर नियमाने ठरावी, एवढेच त्यांना म्हणायचे होते. सध्याच्या भाषेत ज्याला सेवाशर्ती म्हणतात, त्यांचा हा आपल्याकडचा पहिला मसुदा समजायला हरकत नाही.

कमिशनने ऐकून घेतले आणि पुढे काही झाले नाही. पाच वर्षे गेली. लोखंडे खचले नाहीत. पत्रातून लिहिणे, सभा घेणे, पुन्हा अर्ज करणे चालू राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानात मोठी सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार आले होते. या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. ज्या काळात आपल्या सुशिक्षित घरांतील बायका चारचौघांत माजघराबाहेर येत नव्हत्या, त्या काळात गिरणीत काम करणाऱ्या बायांनी हजारो माणसांपुढे उभे राहून आपल्या सुट्टीविषयी बोलावे, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत जरा मोठ्या अक्षरांत यायला हवी होती.

सभेनंतर रविवारच्या सुट्टीची मागणी गिरणीमालकांच्या संघाकडे गेली. मुंबईच्या मालकांचा संघ १८७५ पासूनच होता, म्हणजे कामगारांच्या नऊ वर्षे आधी मालक संघटित झाले होते. १० जून १८९० रोजी मालक संघाने रविवारी गिरण्या पूर्ण बंद ठेवण्याचे मान्य केले.

रविवारची सुट्टी इंग्रजांनी चर्चसाठी दिली, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. सरकारी कचेऱ्या आणि शाळा रविवारी बंद असत त्या राज्यकर्त्यांच्या धर्मामुळे. पण साहेबाच्या कचेरीतल्या सुट्टीचा साच्यावरच्या माणसाला काही उपयोग नव्हता. त्याची सुट्टी मागून, सह्या गोळा करून, सहा वर्षे वाट पाहून मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार. जेजुरीच्या देवाचा हा दाखलाही लोखंड्यांनी मागणीसाठी दिला, असे सांगतात. गिरणीत हिंदू होते तसे मुसलमानही होते, त्यामुळे वार कोणताही असता तरी कोणाची तरी गैरसोय झालीच असती. दिवस एक असावा आणि तो सगळ्यांचा असावा, हे महत्त्वाचे होते.

त्याच १८९० मध्ये सरकारने नवे फॅक्टरी कमिशन नेमले. सोराबजी बंगाली त्याचे सभासद होते आणि मुंबईपुरते सहायक सभासद म्हणून लोखंड्यांनाही घेतले गेले. सहा वर्षांपूर्वी ज्याने दाराबाहेरून अर्ज दिला, तो आता खुर्चीवर बसून साक्षी ऐकत होता. १८९१ चा कायदा त्यातून आला. पन्नास माणसांच्या कारखान्यापर्यंत तो पोहोचला. नऊ वर्षांखालील मुलांना बंदी झाली आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांना सात तासांची मर्यादा आली. स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा आणि दीड तास विश्रांती मिळाली. सर्वांना दुपारी अर्धा तास यंत्र बंद आणि आठवड्याला एक सुट्टी मिळाली. पाचांपैकी दोन मागण्या कायद्यात उतरल्या. पुरुषांच्या तासांना मात्र हद्द पडली नाही. पुढे विजेचे दिवे आल्यावर हेच तास आणखी वाढले आणि बारा तासांची मर्यादा यायला १९११ साल उजाडावे लागले.

लोखंड्यांचे काम गिरणीपुरते नव्हते. १८९० मध्येच त्यांनी मुंबईतील नाभिकांची सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार करवून घेतला. हा प्रश्नही एका परीने कामाचाच होता. समाज एखाद्या कारागिराकडून जे काम करवून घेतो ते त्याच्या मनाला पटत नसेल तर तो नाही म्हणू शकतो का? नाभिकांनी वस्तरा खाली ठेवला आणि या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. गिरणगावही त्यात होरपळले. कालपर्यंत शेजारशेजारच्या साच्यांवर उभे राहणारे हात एकमेकांवर उठले. लोखंड्यांनी राणीच्या बागेत दोन्ही समाजांचा ऐक्य मेळावा घेतला आणि माणसे पुन्हा कामावर एकत्र येतील असा प्रयत्न केला. याच दंग्यानंतरच्या दिवसांत सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार झाला, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. ज्या उत्सवाच्या निमित्ताने आपण हे वाचत आहोत, त्याच्या आरंभीच्या वर्षांत मुंबईचा एक माणूस सलोख्याच्या खटपटीत होता, हे लक्षात असावे. या कामाबद्दल सरकारने १८९५ मध्ये त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. जस्टिस ऑफ द पीसचा मानही मिळाला.

मग प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात पहिले रोगी सापडले आणि दोन-तीन महिन्यांत मुंबई रिकामी होऊ लागली. गिरणी कामगार बोचकी उचलून कोकणाची आणि घाटाची वाट धरू लागले. लोखंडे गेले नाहीत. रोग्यांच्या सोयीसाठी, इस्पितळासाठी ते वस्तीवस्तीत फिरत राहिले आणि त्यातच त्यांना रोग लागला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात प्लेगाच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. एकाच विचाराची दोन माणसे एका महिन्याच्या अंतराने, एकाच रोगाने आणि एकाच कामात गेली.

त्याच सुमारास मुंबईत एक विलक्षण गोष्ट घडली. माणसे मिळेनाशी झाली तेव्हा ज्या गिरण्या पगार आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवीत, त्या कामगारांना रोजचा पगार रोज संध्याकाळी देऊ लागल्या. पगार वेळेवर देता येत नाही, हिशेबाला वेळ लागतो, हे सारे सबब म्हणून सांगितले जात होते, हे त्या दिवसांत उघड झाले. पंधरा तारीख मागणारा माणूस ते पाहायला राहिला नव्हता.

लोखंड्यांचे मोठेपण सांगताना त्यांच्या मर्यादा झाकू नयेत. त्यांच्या संस्थेला वर्गणीदार सभासद नव्हते, निधी नव्हता, लिखित नियम नव्हते. संप करण्यापेक्षा अर्जावर त्यांचा भर होता. त्यामुळे तिला खरी युनियन म्हणावे का, यावर अभ्यासकांत वाद आहे. ते स्वतः साच्यावर उभे राहिलेले नव्हते, आणि ते गेल्यावर संस्था टिकली नाही. हे सगळे खरे आहे. पण ज्या काळात संघटना करण्याचा हक्कच कायद्याला माहीत नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे. ट्रेड युनियनचा कायदा १९२६ चा. त्याआधी बेचाळीस वर्षे लोखंड्यांनी नुसत्या सह्यांच्या कागदाला वजन आणून दिले.

आता त्या पाच मागण्यांचे पुढे काय झाले ते पाहू, कारण आरंभी सांगितलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यातच आहेत. इजा झाल्यावर भरपाईची मागणी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मान्य झाली, म्हणजे एकोणचाळीस वर्षांनी. पगाराच्या तारखेची मागणी १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मान्य झाली आणि लोखंड्यांनी मागितले त्याहून अधिक मिळाले. हजारांपेक्षा कमी कामगार असतील तेथे पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि इतर ठिकाणी दहा तारखेच्या आत पगार झाला पाहिजे, असे त्यात ठरले.

दंड आणि कपातीलाही याच कायद्याने लगाम घातला. कोणत्या चुकीला दंड होईल याची यादी आधी लावलेली असली पाहिजे, कामगाराला आपली बाजू मांडू दिली पाहिजे आणि दंडाची रक्कम पगाराच्या ठरावीक छोट्या हिश्श्यापलीकडे जाता कामा नये. एकट्यादुकट्याच्या गैरहजेरीबद्दल कापायचे तर जितका वेळ तो गैरहजर तितक्याच प्रमाणात कापायचे. डबल खाडा कायद्याबाहेर गेला तो असा.

कामाच्या तासांची मागणी टप्प्याटप्प्याने पुढे सरकली. १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास, १९३४ मध्ये चोपन्न तास आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात हे सारे एकत्र आले. आठवड्याला एक सुट्टी आणि ती साधारणपणे रविवारची, सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर. सुपारीबागेतला अर्धा तास त्या कायद्यात जसाच्या तसा बसलेला होता. सुट्टीच्या दिवशी बोलावले तर त्या बदल्यात दुसरी सुट्टी देण्याची तरतूदही त्यात होती. दुकाने आणि कचेऱ्यांसाठी आपल्या मध्य प्रदेशात १९५८ चा वेगळा कायदा झाला. अलीकडे २०१९ आणि २०२० मध्ये संसदेने अनेक जुने कामगार कायदे चार श्रमसंहितांत गुंफले. कलमांचे आकडे बदलतात, प्रश्न मात्र तेच राहतात.

मुंबईची ही कथा इंदूरकरांनी का वाचावी? आपल्या शहराचेही पोट अनेक वर्षे मिलनेच भरले आहे. होळकर दरबाराने एकोणिसाव्या शतकातच येथे कापडाची स्टेट मिल काढली होती. मागाहून मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशी नावे शहराच्या नकाशावर आली आणि त्यांच्या आसपास वस्त्या वाढल्या. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या झांक्या मिल कामगारांनीच सुरू केल्या आणि मिल बंद पडल्यावरही वर्गणी करून चालू ठेवल्या. त्या रात्री रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून आपण जी रोषणाई पाहतो, ती पाळीवरून सुटलेल्या माणसांची कला आहे.

हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली आणि तेथील हजारो कामगारांना आपली थकलेली देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षे. तोवर त्यांतले कितीतरी जण राहिले नव्हते आणि पैसे घ्यायला त्यांच्या बायका-मुले आली. घामाचा पैसा वेळेत मिळावा, ही लोखंड्यांची चौथी मागणी वाचताना आम्हाला म्हणूनच तिची तारीख १८८४ ची आहे हे विसरायला होते.

मुंबईत परळला राज्य सरकारची श्रमविज्ञान संस्था आज त्यांच्या नावाने आहे. २००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कधीकाळी टपाल खात्यात नोकरी केलेल्या माणसाचा हा मान योग्यच झाला. पण त्यांचे खरे स्मारक तिकिटावर नाही. नोकरीला लागणाऱ्या आपल्या मुलामुलींनी नेमणुकीचे पत्र नीट वाचावे, तास, सुट्टी, पगाराची तारीख आणि कपातीचे नियम लिहून मागावेत, पगाराची चिठ्ठी जपून ठेवावी आणि अडचण आली तर एकट्याने कुढत बसण्यापेक्षा चौघांनी मिळून लेखी विचारावे. लोखंड्यांनी एवढेच केले होते. आरडाओरड नाही, कागद नीट लिहिलेला, मागणी मोजकी आणि खाली हजारो सह्या.

याची दुसरी बाजूही आहे. आपण नुसते नोकर नाही, मालकही आहोत. धुणेभांडी करणाऱ्या मावशी, स्वयंपाकाच्या ताई, गाडी चालवणारा, दुकानातला पोऱ्या, उत्सवाचा मांडव घालणारे हात, हे सगळे आपल्या नियमांखाली काम करतात. कारखान्याचा कायदा घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. आत काय चालावे हे आपल्यावर सोपवलेले असते. त्यांना आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी असते का? त्यांचा पगार ठरल्या तारखेला होतो का? एक खाडा झाला तर आपण किती कापतो? गरम तेल अंगावर सांडले तर औषधाचा खर्च कोण करतो? गौरी-गणपतीत त्यांच्या घरीही गौरी येतात, हे आपल्या लक्षात असते का?

हे पाच प्रश्न आम्ही नव्याने काढलेले नाहीत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुपारीबागेतून आलेल्या अर्जावरून ते जवळजवळ तसेच उतरवून घेतले आहेत. श्रीगणेश सर्वांना सुबुद्धी देवो आणि येता रविवार सर्वांच्या घरी विश्रांतीचा असो.